सरळ खाचा

कॉफीचं मशीन त्यानं ओट्यावर जुना टॉवेल पसरून उलटं ठेवलं, टाकीत उरलेलं घोटभर पाणी टॉवेलनं पिऊन टाकलं, आणि मग चष्मा कपाळावरून नाकावर उतरवून त्यानं तळाकडे पाहिलं. तळाला चार स्क्रू होते. ते असायला हवेच होते. पण हे ते नव्हते. असल्या मशीनला कंपनी मुद्दाम लांबट, गुळगुळीत डोक्याचे स्क्रू लावते, म्हणजे घरच्या माणसानं उघडायच्या फंदात पडू नये. त्यांना खास पाना लागतो. तो पाना त्यानं शुक्रवारी ऑफिसातल्या मेकॅनिककडून मागून आणला होता, दोन दिवस शर्टाच्या खिशात मिरवला होता आणि काल जेवताना बायकोला त्याची सविस्तर माहितीही दिली होती. ती 'हो का' म्हणाली होती. आता पाना हातात तसाच राहिला. समोर चार साधे, पितळी, खाचेचे स्क्रू होते, घरातल्या कुठल्याही स्क्रू ड्रायव्हरनं निघतील असे. आणि चारींच्या खाचा एका दिशेला होत्या. उभ्या. चार कोपऱ्यांत चार माणसं मान ताठ करून, कोणाशी न बोलता उभी असावीत तशा.

स्क्रू पिळून झाला की काम संपत नाही, शेवटचा पाव फेरा खाच सरळ येईल असा द्यायचा, ही त्याच्या वडिलांची शिस्त. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. लांबोडकी खोली, तेलाचा आणि तापलेल्या पट्ट्याचा वास, भिंतीवर लाकडी खुंट्यांना लटकलेली चाकं. दुरुस्त झालेल्या मशीनवरून वडील डोळे मिटून अंगठा फिरवायचे. बघायचं नाही, बोटाला विचारायचं, असं म्हणायचे. खाच वाकडी लागली की काही न बोलता मशीन परत टेबलावर सरकवायचे, आणि ते न बोलणं दिवसभर दुकानात खुर्ची टाकून बसून राहायचं. मशीन काही वाकड्या खाचेनं बंद पडत नाही. पण ज्याला शेवटच्या पाव फेऱ्याची घाई झाली त्याला आधीच्या फेऱ्यांतही घाई झाली असणार, असा त्यांचा हिशोब होता. वडील गेल्याला नऊ वर्षं झाली. असे स्क्रू लावणारी माणसं आता जगात दोनच होती. एक हा स्वतः, आणि यानं हे मशीन आजवर उघडलेलं नव्हतं. दुसरा धाकटा भाऊ, आणि त्याच्याशी याचं एकोणीस वर्षांत बोलणं नव्हतं.

म्हणजे धाकटा इथे येऊन गेला होता. या स्वयंपाकघरात, या ओट्यापाशी उभा राहून, त्यानं कधीतरी हे मशीन उलटं केलं होतं. टॉवेल कुठला घेतला असेल? बायकोनं काढून दिला असेल. काढताना मूळचे स्क्रू खराब झाले म्हणून खिशातले लावले असतील. धाकट्याच्या खिशात लहानपणापासून सुट्टे स्क्रू असायचे, धुण्यात सापडले की आई ओरडायची. इतकं सगळं इथे घडलं होतं आणि त्यानंतर कितीतरी सकाळी यानं याच मशीनची कॉफी पीत खिडकीबाहेर बघितलं होतं, आणि कॉफीला काहीही चव वेगळी लागली नव्हती.

लिफ्ट तपासणीच्या कार्यालयात त्याला मागून शेरेबहाद्दर म्हणत. इमारतीत जायचं, वरच्या खोलीत चढून दोर बघायचा, ब्रेक बघायचा, दरवाजा किती सेकंदांत मिटतो ते घड्याळ लावून मोजायचं आणि शेरा लिहायचा. बाकीचे 'ठीक' लिहून मोकळे होत. हा लिहायचा, 'तिसऱ्या मजल्यावर दरवाजा किंचित रुसतो.' आपल्याला हे नाव पडलंय हे त्याला ठाऊक नाही असं तो दाखवायचा, कारण मनातून त्याला ते आवडत होतं. माणसांवरही त्याचे शेरे असत, फक्त ते कागदावर येत नसत. साहेब: वर जाताना वेग जास्त, खाली येताना हिसके. शेजारच्या बाई: दार उघडंच राहतं. बायको: आवाज नाही, भार व्यवस्थित उचलते. धाकट्याच्या नावापुढे एकच शेरा होता आणि तो एकोणीस वर्षांत बदललेला नव्हता: स्वतःहून निघून गेला. कोणी विचारलं की हा तेच वाचून दाखवल्यासारखं सांगायचा. सांगून सांगून त्या वाक्याचे कोपरे इतके घासले गेले होते, की आता ते हाताला कुठे टोचत नव्हतं.

आज त्यानं रजा काढली होती ती या मशीनसाठीच, हे तो कोणाला सांगणार नव्हता. गेल्या मंगळवारपासून ते अर्धाच कप देत होतं. कॅप्सूल घालायची, बटण दाबायचं, आत पंप गुरगुरायचा, घसा खाकरल्यासारखा आवाज, मग चार थेंब, मग पुन्हा गुरगुर. बायकोच्या दवाखान्यातल्या लोकांनी तिला भेट दिलेलं मशीन. ती दाताच्या डॉक्टरकडे नोंदणीच्या टेबलावर बसते. एका वेळी एकच कप. दोन माणसांच्या घरात असं यंत्र आलं म्हणजे रोज सकाळी आधी कोण, हा एक बारीकसा निर्णय आला, आणि पाच वर्षांत तो निर्णय असा मुरला होता की ती आधी प्यायची, उभ्यानं, आणि हा नंतर, बसून. दोघांचे कप एकमेकांना कधी भेटत नसत. नवीन घेऊ, असं ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, दुरुस्तीवाल्याचा पोरगा मी घरात असताना?

त्यानं स्क्रू काढायला घेतले नाहीत. हात पुसले आणि तो घरातून फिरायला लागला. आधी बाथरूम. इथला नळ मागच्या हिवाळ्यात टिपकायचा, आणि एके दिवशी टिपकायचा थांबला होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण आवळला त्याचा परिणाम उशिरा झाला. नळाच्या मुठीवरचा स्क्रू: सरळ. कपड्यांच्या कपाटाचं दार, जे खाली घासायचं आणि हल्ली घासत नव्हतं. बिजागरीचे सहा स्क्रू: सरळ. बाल्कनीच्या दाराची कडी: सरळ. मग दिव्यांची बटणं, खोलीगणिक, गुडघ्यावर बसून पलंगामागचं सॉकेट, स्टुलावर चढून पडद्याचा दांडा. सगळे सरळ. पण यातले बरेच त्यानं स्वतःच लावले होते. कुठले, ते मात्र आठवेना. पलंगामागचं सॉकेट आपण बसवलं की त्यानं? पडद्याचा दांडा तर आपणच. की तो खाली आला होता आणि कोणीतरी पुन्हा लावला? स्टुलावर उभं राहून त्यानं वडिलांसारखे डोळे मिटले आणि स्क्रूवर अंगठा ठेवला. बोटाला विचारलं. बोट म्हणालं, मला काय माहीत, दोन्ही हात एकाच घरचे. आपल्याच घरात आपण कुठे संपतो आणि तो कुठे सुरू होतो हे सांगता येईना, तेव्हा त्याला जिभेवर नाणं ठेवल्यासारखी एक धातूची चव आली आणि तो सावकाश, एकेक पाय खाली टेकवत, स्टुलावरून उतरला.

मग पुन्हा ओटा. आता त्यानं स्क्रू काढले, भराभर, आणि एका वाटीत टाकले. त्याला काय हवं होतं हे त्याला स्वच्छ दिसत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती: आत धाकट्याची चूक सापडायला हवी होती. एखादी नळी अर्धवट खोचलेली, एखादी क्लिप उलटी. मग मशीन त्याच्यामुळे बंद पडलं असं ठरलं असतं आणि बाकीच्या गोष्टींनाही हळूहळू त्याच्याकडेच घरंगळायला उतार मिळाला असता. पंपापासून निघणारी नळी नवीन होती. जुनी फुटली असणार. तिच्या तोंडाशी बारीक तारेचा दुहेरी वेढा होता, टोकं आत मुडपलेली, म्हणजे उद्या कोणी बोट घातलं तर टोचू नये. यानं वेढा ओढून पाहिला. हलवून पाहिला. भिंग लावून पाहिला. शेरा मारायला तसूभर जागा नव्हती.

दोष वरच्या अंगाला होता. कॅप्सूलला जी पोकळ सुई भोक पाडते आणि जिच्यातून गरम पाणी आत जातं, तिच्या तोंडाशी काहीतरी चमकत होतं. उजेडाकडे धरल्यावर दिसलं, आणि दिसताक्षणी आठवलंही. महिन्याभरापूर्वी, रविवारी, कॉफीची भुकटी साचून ती सुई तुंबली होती. दुसरा कोणी असता तर कागदाची पिन घेतली असती. पिन वाकते, मोडत नाही. पण हा शिलाई मशीनवाल्याचा मुलगा. यानं ड्रॉवरमधली शिलाई मशीनची सुई काढली, कडक पोलादाची, आणि आत घालून पिळली. बारीकशी टक झाली होती. त्यानं ती ऐकली होती. सुई बाहेर काढून टोकाकडे न बघता ड्रॉवरमध्ये टाकली होती, आणि मशीन चालू झालं तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं होतं. ते टोक तिथे बसून महिनाभर एकेक कण गोळा करत राहिलं होतं.

फार पूर्वी एकदा अशीच एक टक त्यानं ऐकायला हवी होती आणि ऐकली नव्हती, आणि सगळं तिथूनच सुरू झालं होतं. त्या वेळी तो एकतीसचा, लग्नाला वर्ष झालेलं, आणि लिफ्टच्या नोकरीची निवड झालेली. फक्त एक पत्र द्यायचं राहिलं होतं, की या इसमानं इतकी वर्षं यंत्रांवर काम केलं आणि त्याच्या हातून कधी अपघात घडला नाही. सही वडिलांची लागणार होती. हातमोजे शिवणाऱ्या एक बाई मशीन टाकून गेल्या होत्या. सुईचं काम नेहमी धाकट्याचं. पण तो त्या दुपारी तासभर बाहेर गेला होता, बाई न्यायला आल्या, आणि याला बायकोबरोबर कुठेतरी जायचं होतं. कुठे ते आता दोघांनाही आठवत नाही. यानं सुई बसवली, स्क्रू आवळला, किंवा आवळला असं वाटलं, आणि मशीन दिलं. दुसऱ्या दिवशी शिवताना सुई सुटून पट्टीवर आपटली, फुटली, आणि तुकडा बाईंच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात शिरला. संध्याकाळी वडिलांनी दोघांना टेबलाच्या दोन बाजूंना उभं केलं आणि विचारलं, सुई कोणी बसवली होती. धाकटा याच्याकडे बघत राहिला. रागानं नाही, जिन्यात वाट करून दिल्यासारखा, तू आधी हो, असा. यानं टेबलावरच्या तेलाच्या डागाकडे पाहिलं. त्या डागाचा आकार त्याला आजही काढून दाखवता आला असता. मग वडील धाकट्याला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. शुक्रवारी त्यांनी पत्रावर सही केली.

बाई त्याला पुढे एकदा भेटल्या, म्हणजे तो त्यांना दिसला, त्यांनी ओळखलं नाही. एका इमारतीत तो लिफ्ट तपासायला गेला होता आणि त्या आत आल्या. त्यांनी मजल्याचं बटण मधल्या बोटाच्या पेरानं दाबलं. अंगठा तळहातावर आडवा, सरळ, दुसऱ्या कोणाचा तरी आणून ठेवल्यासारखा. दोघं पाच मजले बरोबर गेले. खाली येऊन त्यानं शेरा लिहिला, 'दोष आढळला नाही', आणि त्या दिवसापासून, हे आत्ता ओट्यापाशी त्याच्या लक्षात येत होतं, त्या दिवसापासून त्याच्या स्क्रूंच्या खाचा सरळ यायला लागल्या होत्या. आधी त्या कधीच सरळ नसत. ती शिस्त त्याला वडिलांकडून मिळालेलीच नव्हती. ती त्यानं नंतर, चोरून, धाकट्याची म्हणून उचलली होती.

चारला बायको आली तेव्हा मशीन उघडंच होतं. ती आत येण्याआधी बंद करायला त्याला भरपूर वेळ मिळाला होता. तो वेळ त्यानं खुर्चीवर बसून घालवला. तिनं पिशवी ठेवली, वाटीतले चार स्क्रू पाहिले, आणि हात धुवायला गेली. परत येऊन समोर बसली आणि एखाद्या पेशंटला पुढची तारीख द्यावी तशा आवाजात सगळं सांगून टाकलं. दीड वर्षापूर्वी धाकटा दाढ ठणकते म्हणून दवाखान्यात आला होता. त्याला फॉर्म भरायला दिला तर त्यानं 'जवळचे नातेवाईक' ही जागा रिकामी ठेवून परत दिला. तिनं त्याच्यासमोर तिथे 'वहिनी' असं लिहिलं. तेव्हापासून गुरुवारी, तिची अर्धी सुट्टी असते तेव्हा, तो येतो, कॉफी घेतो, घरात काही कुरकुरत असेल तर बघून जातो. चोरून यायचं असं काही ठरलं नव्हतं. फक्त याच्या घरी यायच्या वेळेआधी तो उठतो.

तो म्हणाला, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, तूही.

त्यानं मान वर केली. ती टॉवेलचा ओला कोपरा पिळत होती.

"बाबांनी सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात. मशीन परत आलं तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. सुईच्या स्क्रूची खाच वाकडी होती. धाकट्याची कधीच नसायची."

"मग त्याला का काढलं?"

"म्हणाले, तो कुठेही जाऊन उभा राहील. थोरल्याचं पत्र अडलं असतं तर थोरला बसला असता तो उठलाच नसता." तिनं टॉवेलचा कोपरा सोडला. "कौतुकानं नव्हते म्हणत."

नऊ वर्षं. बायकोनं नऊ वर्षं त्याचं 'स्वतःहून निघून गेला' पाहुण्यांसमोर ऐकलं होतं आणि कप गोळा करून आत नेले होते. आवाज नाही, भार व्यवस्थित उचलते. स्वतःचाच शेरा त्याला वाचता येईना. त्यानं विचारलं, तू कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, मला वाटायचं तू सांगशील, माणूस एवढे शेरे मारतो, एखादा स्वतःवरही मारेल.

"तो स्क्रू मी लावला होता," तो म्हणाला. एकोणीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते अगदी लहान निघालं.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "मला माहीतच आहे."

मशीन दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली असती. चिमट्यानं ते टोक ओढायचं, सुई धुवायची, झालं. त्यानं चिमटा परत ठेवला आणि तिला म्हणाला, धाकट्याला सांग, मशीन बंद पडलंय, मला जमलं नाही. तिनं आत डोकावून पाहिलं. चमकणारं टोक तिलाही दिसलं असणार. बरं, सांगते, म्हणाली. तीन दिवस त्यांनी कॉफी पातेल्यात उकळून घेतली. पातेल्यातली कॉफी दोघांची एकदमच तयार होते, त्यामुळे टेबलाशी बसावं लागलं, आणि बसल्यावर काय बोलायचं याची सवय नसल्यानं दोघं कॉफी जास्त कडू झाली की कमी याच्यावर बोलले. मनात तो धाकट्याला सांगायचं जुळवत होता. आधी परिस्थिती, मग कारण, मग चूक. लिफ्टमध्ये उभं राहून पुटपुटताना साहेबांनी त्याला दोनदा पाहिलं.

गुरुवारी तो दुपारीच घरी आला. बायकोला नेमकं दूध आणायला जायचं सुचलं, फ्रीजमध्ये दोन बाटल्या असताना. घंटा वाजली, दार उघडलं, आणि धाकट्यानं त्याच्याकडे, मग त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. केस कानांवर पांढरे झाले होते. एक दाढ काढली होती त्या बाजूचा गाल किंचित आत गेलेला. वहिनी? दुकानात. अच्छा. निघून जायचं की काय असा अर्धा क्षण त्याचा एक पाय मागे गेला, आणि मग तो आत आला, सरळ ओट्यापाशी, घर माहीत असलेल्या माणसासारखा. थोरला बाजूला सरकला, आपल्याच घरात पाहुण्यासारखा. धाकट्यानं मशीन जवळ ओढलं, तारेच्या वेढ्यावरून एकदा बोट फिरवलं, मग वाकून सुईत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"शिलाईची सुई आहे ही," तो म्हणाला. "कोणी मोडली?"

"मी."

धाकटा वाकलेलाच राहिला. परिस्थिती, कारण, चूक, थोरल्याचं सगळं जुळवलेलं कुठल्या कुठे गेलं होतं. बाहेर जिन्यात कोणीतरी चढत गेलं, तिसऱ्या पायरीला चप्पल घसरली, मग पावलं वर निघून गेली.

"तेव्हाही मीच," तो म्हणाला. "सुई मी बसवली होती. तू माझ्याकडे बघत होतास आणि मी खाली बघितलं."

"हो," धाकटा म्हणाला. इतकंच. मग चिमटा उचलून, पुन्हा खाली ठेवून, "बाईंना सांगितलंस?"

"कुठल्या?" असं तो विचारणार होता. ते खोटं झालं असतं. त्यानं नाही म्हटलं.

धाकट्यानं मग सांगितलं, तेही मशीनकडेच तोंड करून, की तो त्यांच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी जातो, मशीनला तेल घालून येतो. त्या अजून शिवतात, डाव्या हातानं, सावकाश. पहिली चार वर्षं त्यांनी दार उघडलं नव्हतं. आता बसायला सांगतात. मुलं मोठी झाली, असं काय काय बोलतात. त्यांच्या लेखी ते त्यानंच केलेलं आहे आणि त्यांनी त्याला त्याबद्दल कधीतरी माफ केलंय, कधी ते त्याला कळलं नाही.

"दादा, ती माफी माझी नाहीये," तो म्हणाला. "मला ती फार जड झालीय."

 समेट होईल, भांडण होईल, धाकटा रडेल किंवा तो स्वतः रडेल, इतपत थोरल्यानं तीन दिवसांत धरलं होतं. एका तिसऱ्या माणसाच्या दाराशी जाऊन उभं राहावं लागेल हे कुठल्याच मसुद्यात नव्हतं.

"शनिवारी जाणार आहे," धाकटा म्हणाला. "येतोस?"

बाई आपल्याला बसायला सांगणार नाहीत. अंगठा टेबलावर असेल. आणि धाकट्यानं तिथे मिळवलेली खुर्चीसुद्धा कदाचित जाईल. हे सगळं त्याला दिसलं, एकाखाली एक, आणि त्याच्यापुढे लिहायला एकही शेरा सुचला नाही.

"येतो," तो म्हणाला.

धाकट्यानं मान हलवली, खिशातून छोटी विजेरी काढून त्याच्या हातात दिली आणि चिमटा उचलून सुईच्या तोंडाशी नेला. 

"नीट धर रे," तो म्हणाला. "उजेड हलतोय."

थोरल्यानं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं.